पहिल्या तोड्याची टोपली

सौंसर, १० ऑगस्ट १९८६

प्रिय ताई,

तुझ्या पाया पडतो. भाऊजींना आणि तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग. खोली चांगली मिळाली आहे, खाणावळीतली आजी वरणात तिखट घालते, पण पोट भरतं. काळजी करू नकोस.

उपयंत्री, म्हणजे सरकारी खात्यातला छोटा इंजिनियर, होऊन मला दोन महिने झाले आणि एवढ्यात मी एक नवी भाषा शिकलो. तू पोटाला चिमटा घेऊन मला डिप्लोमा करायला लावलास, पण तिथे ही भाषा कोणी शिकवली नाही. झालं असं की पहिल्याच आठवड्यात साहेबांनी आमच्या पाण्याच्या टाकीचा अहवाल मागितला. मी जे दिसलं ते लिहिलं. काम बंद आहे, सिमेंट नाही, मजूर गावी गेले आहेत, ठेकेदार भेटत नाही. साहेबांनी वाचलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, "गुणवंता, ऐसा भी कोई लिखता है क्या? नौकरी करनी है ना?" आणि त्यांनी स्वतः सांगून लिहून घेतलं, "कार्य प्रगति पर है."

त्या दिवशी माझे डोळे उघडले. आता मला सगळं वाचता येतं. "तांत्रिक अडचण" असं लिहिलं असेल तर समजायचं, काय बिघडलं ते कोणालाच माहीत नाही. "चाचणी उत्साहवर्धक" म्हणजे मोटर सुरू केली आणि धूर निघाला नाही. मागच्या महिन्यात आम्ही पाइपाचा खड्डा चुकून शाळेच्या मैदानात खणला, तेव्हा मोठ्या साहेबांना कळवलं की "आराखड्यात किरकोळ सुधारणा केली." आणि सगळ्यात कठीण शब्द "बरसात के बाद." मी भोळेपणानं विचारलं, म्हणजे ऑक्टोबरात का? सगळं ऑफिस इतकं हसलं की चपराशानं चहा सांडवला. बरसातीनंतर म्हणजे कधीच नाही, ताई.

मजा येत आहे, खरंच सांगतो. फक्त रात्री झोपताना वाटतं की दिवसभरात एक तरी वाक्य सरळ बोललो का? म्हणून तुला पत्र लिहितो.

तुझा,
गुणवंता


पांढुर्णा, ९ सप्टेंबर १९८६

चि. गुणवंतास ताईचे खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं आणि घरात रोग पसरवून बसले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीची दगडफेक पाहायला जाऊ नका म्हणून मी तुझ्या भाऊजींना चार वेळा बजावलं होतं. संध्याकाळी आले ते फुटका चष्मा घेऊन. विचारलं तर हा शाळामास्तर मला सांगतो, "तांत्रिक अडचण." मी म्हटलं, जेवणाचं काम प्रगतीपर आहे, मग तेच मुकाट्यानं चूल पेटवायला बसले. सासूबाईंना नवीन नऊवारी हवी आहे, तर तेही प्रकरण यांच्याकडे विचाराधीन आहे. तुझ्या ऑफिसची ही भाषा अगदी कामाची निघाली.

आता कामाचं ऐक. सासूबाईंच्या माहेरचे एक रामाजी आहेत, रामाकोन्याला. संत्र्याचा बगीचा, माणसं साधी, घरात तोलूनमापून बोलणारं कोणी नाही. त्यांची मुलगी सरला. सौंसरला कॉलेजात शिकली, आता बगीच्याचा हिशेब, मजूर, औषधफवारणी सगळं तीच पाहते. सासूबाई म्हणतात, "पोट्टी तोंडाची फटकळ हाय, पन मनाची सोन्यासारखी." मला तर तिथेच आवडली.

आई-बाबा गेल्यावर तुझं लग्न हे एकच काम माझ्या डोक्यावर राहिलं आहे. दसरा झाला की सासूबाईंना घेऊन जा आणि पाहून ये. आणि तिथे जाऊन तुझी नवीन भाषा बोलू नकोस.

ताई


सौंसर, २० ऑक्टोबर १९८६

प्रिय ताई,

काल तुझ्या सासूबाईंबरोबर रामाकोन्याला जाऊन आलो. नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं गेलो. गाडी इतकी हळू चालते की सासूबाईंनी खिडकीतून ओळखीच्या बाईशी पूर्ण ख्यालीखुशाली विचारून घेतली.

तू सांगितलं होतंस तसं, ती भाषा बोलायची नाही असं ठरवून गेलो होतो. आलूपोहे आले, चहा आला. रामाजी बापूंनी बगीच्याबद्दल सांगितलं, मी मान हलवत राहिलो. मग सरला आली. मला वाटलं होतं खाली बघून बसेल. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्याच टाकीचं पाणी आमच्या मावशीच्या गावाले येनार हाय ना? कधी येनार?"

ताई, माझ्या तोंडातून निघून गेलं, "सर्व संबंधितांशी समन्वय साधून लवकरच."

ती म्हणाली, "म्हंजे नाई येनार."

मी म्हटलं, "येणार, येणार. पण..." चार महिने शिकलेली सगळी भाषा तिनं एका वाक्यात उलगडून ठेवली. ऑफिसात हे काम करायला मला किती दिवस लागले होते! मला लाज वाटली आणि हसूही आलं. तीसुद्धा हसली. रामाजी बापूंना काही समजलं नाही, ते म्हणाले, "चहा घ्या, थंडा होऊन राह्यला."

आता सरळ लिहितो, कारण तुला लिहितो आहे. मला सरला खूप आवडली. परतीच्या गाडीत सासूबाई काय बोलत होत्या ते मला एक अक्षर आठवत नाही. दिवाळीला येतो आहेच, तेव्हा विचार, पण मला चिडवू नकोस.

तुझा,
गुणवंता


पांढुर्णा, ८ नोव्हेंबर १९८६

चि. गुणवंतास आशीर्वाद.

भाऊबीजेला तू दिलेली साडी सासूबाईंनी आपली समजून ठेवून घेतली आहे. प्रकरण निकाली निघालं म्हणायचं.

काल रामाजी बापू पांढुर्ण्याच्या बाजारात आले होते, तेव्हा घरी येऊन गेले. पुन्हा पुन्हा म्हणत होते, "पोरगा चांगला हाय. गरीब हाय सभावानं." मी विचारलं, मग काय ठरवायचं? ते म्हणाले, "बाई, आता बहार उतरू द्या. पयला तोडा झाला का आमी कळवतो."

सासूबाई तर तेव्हापासून गुणगुणत फिरत आहेत. मीही खूश आहे. तूही निश्चिंत राहा. येत्या रविवारी जामसावळीच्या हनुमानाला जाऊन नारळ फोडून ये, तुला सौंसरहून किती लांब आहे!

ताई


सौंसर, १३ नोव्हेंबर १९८६

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं.

तू खूश कशी झालीस ते मला कळलं नाही. "पोरगा चांगला आहे, गरीब आहे स्वभावानं." आमच्याकडे एखाद्या ठेकेदाराचं टेंडर नाकारायचं असलं की साहेब अगदी अशीच सुरुवात करतात. आधी स्तुती, मग पण. "बहार उतरू द्या" म्हणजे दुसरं काय, "बरसात के बाद"च की. आणि "आम्ही कळवतो" या दोन शब्दांवर मी स्वतः सही करून किती लोकांना परत पाठवलं आहे! एकालाही आजपर्यंत कळवलेलं नाही.

रामाजी बापू भले माणूस आहेत. तोंडावर नाही म्हणणं त्यांना जमलं नाही, एवढंच. सरलालाच मी पटलो नसणार. टाकीचं विचारलं तर सरळ उत्तर देता आलं नाही, असला माणूस तिला कशाला हवा?

बस्तरकडे एका नवीन योजनेवर उपयंत्री हवा आहे. तिकडे जायला कोणी तयार नाही. महिनाअखेरपर्यंत नाव द्यायचं आहे. मी देतो म्हणतो. इथे राहून रोज रामाकोन्याच्या गाडीची शिटी ऐकायची, ते माझ्यानं होणार नाही. रागावू नकोस.

गुणवंता

ता. क. टाकी भरून पाहिली. "किंचित ओलावा" आहे. म्हणजे खाली उभं राहिलं की डोकं भिजतं. ठेकेदार बिलासाठी मागे लागला आहे. परवा हळूच म्हणाला, "साहब, संतरे का मौसम है, आपका ध्यान रखेंगे." काय म्हणायचं होतं ते कळलं.


पांढुर्णा, १९ नोव्हेंबर १९८६

चि. गुणवंता,

तुझ्या डोक्यावर पाण्याची टाकी पडली आहे का रे? ऑफिसात सगळे खोटं बोलतात म्हणून रामाकोन्यातही बोलतात, हे तुला कोणी शिकवलं? शेतकऱ्याच्या घरी बहार म्हणजे बहार. फळं झाडावर असली की त्या घरी कोणाला जेवायलाही सवड नसते, मग लग्नाची बोलणी कोण करणार?

चूक माझीच झाली. मला वाटलं तुला माहीत असेल. आपण नोकरदारांची मुलं, बगीचा आपल्या घरी कधी नव्हताच, मला तरी सासरी आल्यावरच कळलं. सासूबाईंच्या माहेरी रीत आहे. मुलीला जे घर पसंत, त्या घरी पहिल्या तोड्याची टोपली पाठवायची. वर लाल कापड बांधायचं, हळदकुंकू लावायचं. तोंडानं काही बोलायचं नाही. फक्त "गोड मानून घ्या" म्हणायचं. टोपली त्या घरानं ठेवून घेतली की सोयरीक जुळली. मग सुपारी वगैरे नंतर. आणि टोपली परत आली तर ती पुन्हा घरात घेत नाहीत, की त्या घराचं नाव काढत नाहीत. सासूबाईंच्या बहिणीचं असंच एकदा झालं होतं, त्यावर त्या आजही बोलत नाहीत.

म्हणून बापू म्हणाले, तोडा झाला की कळवतो. टोपली इथे माझ्या घरी येणार. मी रोज दारात डोकावून पाहते आहे. आज उद्या आली पाहिजे. आली की तुला तार करते. तोवर बस्तरचं नावही काढशील तर बघ.

ताई


सौंसर, १९ नोव्हेंबर १९८६

प्रिय ताई,

आज एक गोष्ट केली, तुला ऐकून बरं वाटेल. मन उदास होतं, पण आज पहिल्यांदा नोकरीत छाती फुगली.

दुपारी साइटवरून आलो तर माझ्या खुर्चीजवळ संत्र्यांची टोपली! वर लाल कापड बांधलेलं. ताई, ठेकेदार किती पोचलेला असावा, टोपलीला हळदकुंकूसुद्धा लावून पाठवलं होतं, म्हणजे घेणाऱ्याला देवाचा प्रसाद वाटावा. चपराशी म्हणाला, "साहेब, मालकाचा मानूस घेऊन आला. म्हने साहेबाले सांगजो, पयला तोडा हाय, गोड मानून घ्या." सध्या सगळ्याच बगीच्यांत तोडा चालू आहे, आणि आमच्याकडे हेच म्हणतात. एखादं बिल अडलं असलं की हमखास कोणीतरी येऊन "गोड मानून घ्या" म्हणतं.

तो माणूस बाहेर निंबाखाली बसला होता. हिरामण नावाचा. मी त्याला बोलावलं आणि सगळ्या ऑफिसासमोर म्हटलं, "ही टोपली परत ने. मालकाला सांग, मी असलं काही घेत नाही. यापुढे पाठवूही नका."

तो म्हणाला, "साहेब, मालकानं लय हरिखानं धाडली जी. ताईनं सोता एक एक फळ निवडून भरली."

मी म्हटलं, "मालकाची बायको असो की बहीण, मला काय करायचं? घेऊन जा."

"मालक नाराज होतीन साहेब."

"होऊ दे."

डोक्यावर टोपली घेऊन तो गेला. जाताना दोन वेळा मागे वळून बघितलं. माझ्या मागे बाबू लोक कुजबुजत होते. मला वाटलं, चला, आज तरी एक वाक्य सरळ बोललो, कुठलाही आडपडदा न ठेवता.

बस्तरच्या कागदावर उद्या-परवा सही करतो.

तुझा,
गुणवंता


पांढुर्णा, २२ नोव्हेंबर १९८६

गुणवंता,

माझं १९ तारखेचं पत्र आतापर्यंत तू वाचलं असशील. तुझं मी आत्ता वाचलं. पुन्हा वाचलं. मग भाऊजींना वाचायला दिलं, ते पाटावर बसलेले उठून उभे राहिले.

अरे कर्मा! ताई म्हणजे ठेकेदाराची बायको नव्हे. ताई म्हणजे सरला. आपले आई-बाबा नाहीत, तू सौंसरला एकटा राहतोस, म्हणून बापूंनी टोपली माझ्याकडे न पाठवता सरळ तुझ्याकडे पाठवली. तुझा मान ठेवला त्यांनी. आणि तू सगळ्या ऑफिसासमोर ती परत केलीस.

सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. तूच सांग, काय सांगू?

ताई


सौंसर, २५ नोव्हेंबर १९८६

ताई,

तुझी दोन्ही पत्रं आज एकदमच हातात पडली. आधी रीतीचं वाचलं, तेव्हाच ती टोपली कोणाची होती ते कळलं. मग दुसरं उघडलं.

ठेकेदाराला मी आज विचारलं. तो म्हणाला, "टोकरी? कौन सी टोकरी?" त्यानं तर मला एक फोडही पाठवली नव्हती ताई. मी कोणाच्या प्रामाणिकपणाची शेखी मिरवत होतो!

चूक कशी दुरुस्त करू? बापूंना पत्र लिहायला बसलो. चार तास बसलो. हे असं झालं: "मान्यवर महोदय, काही अपरिहार्य कारणास्तव व माहितीच्या अभावी सदर टोपली स्वीकारता आली नाही, याबद्दल खेद वाटतो. झालेल्या गैरसोयीची नोंद घेतली असून आपण सहानुभूतीपूर्वक पुनर्विचार करावा, ही विनंती." वाचून मलाच कळेना की मी माफी मागतो आहे की त्यांना नोटीस देतो आहे. पण दुसरं काही सुचत नाही. दुसरी भाषा आठवतच नाही.

सरलानं एक एक फळ निवडलं होतं. हे वाक्य डोक्यातून जात नाही. मी तिला गमावून बसलो का? खरं खरं सांग.

गुणवंता


पांढुर्णा, २७ नोव्हेंबर १९८६
(बसच्या कंडक्टरच्या हाती)

गुण्या,

ते पत्र चुलीत घाल. "सदर टोपली" वाचून बापू तुला कोर्टाचा माणूस समजतील.

तू गमावलंस का? मला माहीत नाही. सासूबाईंना सांगितलं, त्या देवासमोर जाऊन बसल्या. एवढंच म्हणाल्या, "त्याले म्हना सोता जाय."

तेव्हा स्वतः जा. रविवारी बगीच्यात तोडा चालू असेल, सगळे तिथेच भेटतील. जाताना मिठाई नको, कागद नको, मध्ये बोलायला कोणी माणूस नको. उभा राहा आणि काय झालं ते सांग. पहिलीत होतास तेव्हा माझी पाटी फोडलीस आणि दारात उभा राहून रडत सांगितलंस, तेव्हा मी तुला मारलं होतं का?

नाही म्हणाले तर माघारी ये. इथे तुझं घर आहे.

ताई


रामाकोना, ३० नोव्हेंबर १९८६

आदरणीय चंद्रकलाताई,

सरलाचा नमस्कार. आपली भेट अजून झाली नाही. पत्र तुमच्या भावानं लिहायला घेतलं होतं. मी डोकावून पाहिलं तर पहिलीच ओळ होती, "चर्चा समाधानकारक वातावरणात पार पडली." म्हणून पेन मी घेतलं. एवढ्यावर तुम्हाला काय कळणार होतं?

सकाळी बगीच्यात फळं तोडणं चालू होतं. हे रस्त्याकडून चालत आले. हिरामणनं आधी पाहिलं आणि टोपली उचलून झाडामागे लपवली, बिचाऱ्याला वाटलं, परत हाकलायला आले. बाबांनी पाहिलं आणि पाठ फिरवून तोडायला लागले. टोपली परत आली त्या दिवसापासून बाबा जेवताना एक शब्द बोलले नव्हते. मीही नाही. मला राग नव्हता आला, खरं सांगते, मला फार वाईट वाटलं होतं. मी चांगलं माणूस ओळखलं असं मला वाटत होतं आणि आता माझ्यावरचाच विश्वास उडाला होता.

हे बाबांच्या मागे उभे राहून म्हणाले, "काही गैरसमजामुळे सदर..." आणि थांबले. घसा साफ केला. पुन्हा म्हणाले, "त्या परिस्थितीत..." पुन्हा थांबले. बाबा न वळता म्हणाले, "बोला ना बाप्पा, का सांगाचं हाय?"

मग हे एका दमात बोलले. "बापू, मी मूर्ख आहे. मला वाटलं ठेकेदारानं लाच पाठवली. तुमची रीत मला माहीत नव्हती. त्याआधी तुम्ही बहार उतरू द्या म्हणालात, ते मी नकार समजलो. तुम्ही खरं बोलत होतात आणि मला खरं ओळखता आलं नाही. मला सरला फार आवडते. मला तिच्याशी लग्न करायचं आहे." आवाज इतका मोठा लागला की पलीकडच्या बगीच्यातल्या बायकांनी हात थांबवले.

बाबा वळले. त्यांचे डोळे भरले होते, पण त्यांनी कडक तोंड केलं. म्हणाले, "मले नोका सांगू. टोपली पोरीनं भरली होती, पोरीले इचारा."

आता सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी विहिरीजवळच्या झाडाचं एक फळ तोडलं, मोठं, पिवळंधमक, आणि यांच्या हातात दिलं. म्हटलं, "खाऊन पाहा. कसं हाय?"

त्यांनी सोललं. दोन फोडी तोंडात टाकल्या. ताई, मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांनी डोळे मिटले, मग एक डोळा उघडला. बाबांकडे पाहिलं. मजुरांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला दिसत होतं. एवढ्या अपराधानंतर, मुलीच्या बापासमोर, त्याच्याच बगीच्यात, त्याच्याच फळाला काय म्हणावं!

"आंबट आहे," ते म्हणाले. मग घोट गिळून पुन्हा म्हणाले, "फार आंबट आहे हो."

हिरामण झाडामागून मोठ्यानं हसला. बाबांना काही कळेना, ते हिरामणवर ओरडले. मी मात्र हसता हसता खालीच बसले.

याआधी मला पाहायला दोन पाहुणे आले होते. एक वकील, एक बँकेतला. दोघांनाही मी त्याच झाडाचं फळ दिलं होतं. दोघंही मधासारखं गोड म्हणाले, बँकेतल्यानं तर दुसरं मागितलं. त्या झाडाचं फळ आमचे बैलसुद्धा तोंडात धरत नाहीत. बाबा दरवर्षी ते झाड तोडायचं म्हणतात, मीच तोडू देत नाही.

मी बाबांना म्हटलं, "बाबा, हो म्हणा." बाबांनी डोक्यावरचं मुंडासं काढून डोळे पुसले आणि पुन्हा बांधलं. मग यांना म्हणाले, "साहेब, आता आलेच आहात, तं लागा कामाले." संध्याकाळपर्यंत यांनी आमच्याबरोबर फळं तोडली. हाताला काटे टोचले. बस्तरच्या कागदावर सही केलीच नव्हती, तो कागद खिशातच होता, त्यात आता हिरामणनं तंबाखू बांधली आहे.

ताई, मला जसा माणूस हवा होता, तसा मिळाला. दुसरं काही लिहायला मला सुचत नाही, आणि सुचलं तरी लाज वाटते.

परत आलेली टोपली आमच्याकडे घरात घेत नाहीत. पण नवी भरायला कोणाची मनाई नाही, असं आमची आजी म्हणाली. म्हणून आज दुपारी मी दुसरी भरली. या वेळी फळं यांनी निवडली, आणि प्रत्येक झाडाचं आधी चाखून पाहिलं. लाल कापड बांधून, हळदकुंकू लावून टोपली घेऊन हे स्वतः उद्याच्या बसनं तुमच्याकडे निघणार आहेत.

ही तरी ठेवून घ्या.

तुमची,
सरला